निवासी, पण सामान्य नव्हे

परत आलात, अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे, परत आलात हे कुणाला विसरू देऊ नका. विमान माणसाला दिवसभरात अमेरिकेतल्या एडिसनहून पुण्यातल्या बाणेरला आणून सोडतं, पण नीट काळजी घेतली तर पाच-सात वर्षं तरी रुळायची वेळ येत नाही. मला बारावं चालू आहे.

‘का आलात?’ याचं उत्तर विमानातच पाठ करा: “आईबाबांसाठी.” ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल चकार शब्द काढू नका. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात आणि आपली रांग पोरं कॉलेजला गेली तरी हलत नाही, हे जिन्यात सांगायचं नसतं. तरी खालच्या मजल्यावरचे काका विचारतीलच, “म्हणजे नोकरी गेली का?” आपल्याकडे याला आपुलकी म्हणतात. आईबाबांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवा. “तुमच्यासाठी आलोय” असं मी म्हटल्यावर बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “मंगळवारी दुपारी मोकळा आहे मी.” सकाळी टेकडी, मग हास्यक्लब, संध्याकाळी ब्रिज. आईची तर भिशी आणि काशीयात्रा एकाच महिन्यात होती.

‘आता इथलेच झालात ना?’ असं कुणी विचारलं, तर सरळ कायदा दाखवा. आयकरात तुमच्यासाठी एक खास खण आहे: ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे’. सी.ए. मंडळी त्याला आरएनओआर म्हणतात. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात काढले नसतील, तर हा दर्जा मिळतो. साधारण दोन-तीन वर्षं टिकतो आणि तेवढे दिवस तिकडच्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर लागत नाही. करबिर ठीक आहे हो, पण मुख्य गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही इथे राहता, पण सामान्य नाही, हे भारत सरकारने लेखी कबूल केलं आहे. चौकट करून दिवाणखान्यात लावा. मुदत संपली तरी उतरवू नका, तारीख कोण वाचतंय?

बँकेचं काम सावकाश करा. कायमचे परतलात की अनिवासी खातं निवासी करून घ्यावं लागतं. त्या अर्जावर सही करताना हात थोडा थरथरला पाहिजे. आमच्या बँकेत (नाव कशाला घ्या) खात्याला अमेरिकेतला नंबर जोडलेला होता. तो बदलायला ओटीपी लागत होता आणि ओटीपी अमेरिकेतल्या, म्हणजे बंद केलेल्या नंबरवर जात होता. खिडकीतल्या ताई म्हणाल्या, “मग तिकडे जाऊन या ना एकदा.” हे त्या गंभीरपणे म्हणाल्या.

बाजारात जाताना खिशात नोटा ठेवा आणि “इंडिया किती बदललाय!” हे वाक्य तयार ठेवा. मात्र कोथिंबीरवाल्या मावशींपुढे ते उच्चारू नका. तुम्ही गेलात तेव्हा यूपीआय नव्हतं, ते आलं २०१६ साली. तुम्ही पाचशेची नोट पुढे कराल, त्या मान न वर करता म्हणतील, “सुट्टे नाहीत दादा, स्कॅन करा.” तिकडे भाड्यासाठी अजून चेक लिहीत होतो, हे त्यांना कळता कामा नये.

बोलताना अंतर मैलांत सांगा, पगार मिलियनमध्ये. ३/७ ही मार्चातली तारीख आहे, हे मुंजीचं आमंत्रण द्यायला आलेल्यांना समजावून द्या. ताप तेवढा इथेही फॅरनहाइटमध्येच मोजतात. तिथे तुमचा नाइलाज आहे, इतरांसारखंच आजारी पडावं लागेल.

रस्त्यावर झेब्रा पट्ट्यांपाशी गाडी थांबवून पादचाऱ्याला ‘आपण आधी’ अशी खूण करा. तो जाणार नाही. यात काहीतरी डाव आहे असं वाटून तोही थांबेल. तुम्ही हात हलवाल, तो दुसऱ्यांदा मागे सरकेल आणि तेवढ्यात फुटपाथवरून आलेला स्कूटरवाला तुम्हा दोघांना आपापली लायकी सांगून जाईल. घरी येऊन ‘सिव्हिक सेन्स’ या विषयावर बोला. ऐकायला बायको असतेच, तिचंही रोजचं हेच असतं.

आता सणांकडे वळू, कारण खरी मेहनत इथे आहे. तिकडे गणपती तिथीला बसत नसे, हॉल मिळेल त्या शनिवारी बसे. तुम्ही वर्गणी काढलीत, पार्किंग लॉटमध्ये ढोलपथक उभं केलंत, गोठवलेले मोदक वाफवलेत आणि मिरवणूक संपल्यावर गहिवरून म्हणालात, “पुण्याची मजा नाही याला.” आता पुण्याची मजा बरोबर खिडकीखाली आली आहे, तीही फुकट. तर ताबडतोब डेसिबल मोजायचं ॲप उतरवून घ्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना ईमेल पाठवा. ते ईमेल वाचत नाहीत. ते पथकात ताशा वाजवतात.

आंब्याचंही तसंच. भारतातला आंबा अमेरिकेत २००७ पासून जायला लागला, तोही विकिरण करून आणि सोन्याच्या भावात. ती पेटी आली की तुम्ही मित्रांना फोटो पाठवायचात, बाठ सुद्धा चोखून पांढरी करायचात. इथे देवगडची पेटी दारात आली की म्हणा, “शुगर वाढते,” आणि ब्लूबेरी शोधायला औंधपर्यंत जाऊन या. डबी लहान असते, आंबट असते, पण आठवण येते ना! आठवण आली पाहिजे. तिकडे मिसळीची येत होती, आता बेगलची.

शेवटी, तिकडची विजेची उपकरणं टाकून देऊ नका. ती ११० ते १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०, म्हणून एक ट्रान्सफॉर्मर घ्या. तो पलंगाखाली रात्रभर घूं घूं करतो, त्याची सवय होते. मी उशाशी गजराचं घड्याळ ठेवलं आहे, विजेच्या लयीवर चालणारं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, लय बदलत नाही. तिकडची लय सेकंदाला ६० ची, इथली ५० ची, त्यामुळे घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. बायको म्हणते, फेकून दे. पण सोमवारी दुपारी बारा वाजता ते लावलं, की उन्हाळ्याच्या दिवसांत बुधवारी रात्री नऊला बरोबर साडेअकरा दाखवतं. म्हणजे त्या क्षणी एडिसनमध्ये जे वाजले असतात तेच. मी जेवण आटोपून वेळेवर जाऊन बसतो. एकच मिनिट असतं, पण चुकवत नाही.

गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज जाते. मग ते रविवारपर्यंत नुसतं लुकलुकत बसतं.