सही करा, प्रशिक्षित व्हा

अभिनंदन! रात्री साडेनऊला तालुक्याच्या ग्रुपवर तुमचं नाव आलं आहे. ‘उद्या स. ठीक १० वा. मानसिक आरोग्य प्रशिक्षण. उपस्थिती बंधनकारक. गैरहजर राहिल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली.’ खाली बासष्ट अंगठे उमटलेत. तुम्हीही त्रेसष्टावा टेकवा आणि झोपा. प्रशिक्षण कशाचं, मागच्या वेळी काय शिकलो, असले विचार करून झोप उडवून घेऊ नका. निद्रानाश उद्या अकराव्या स्लाइडवर आहेच.

तुम्ही आशाताई असा, गटप्रवर्तक असा, उपकेंद्रावरचे सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी असा, नाहीतर एखाद्या संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर राबणारे समुपदेशक, हे चार शब्द तुमच्यासाठीच. मी या हॉलांमध्ये वीसेक वर्षं काढली आहेत. निम्मी खुर्चीत, निम्मी माइक धरून. तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

नावं पाठवायचं काम तुमच्याकडे असेल तर माणूस जपून निवडा. ज्याच्या रिटायरमेंटला दोन महिने उरलेत तो उत्तम. ज्याची बदलीची ऑर्डर निघालीय तोही चालतो. ज्याच्याकडे रोज पेशंट येतात त्याला मात्र चुकूनही पाठवू नका, ओपीडी कोण बघणार? शिवाय तो प्रश्न विचारतो.

हॉलवर साडेदहाला पोहोचा, पाहुणे साडेअकराला येतात. समईसाठी पंखे बंद होतील. एप्रिल महिना, पत्र्याचं छप्पर, नव्वद माणसं, पाच वाती आणि एक काडेपेटी. पाचवी वात पेटली की पहिली विझते, मग फोटोग्राफर म्हणतो, ‘सर, परत एकदा.’ या वेळेत स्वागत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक आणि मनोगत उरकतं. मनोगतात प्रमुख पाहुणे सांगतील की आजकाल ताण फार वाढलाय आणि पूर्वी एकत्र कुटुंब होतं. मान हलवा. पाहुण्यांना पुढे मीटिंग असते, ते निघतील आणि त्यांच्याबरोबर पहिल्या दोन रांगाही निघतील.

मग प्री-टेस्ट. इथे नवखे लोक हटकून चूक करतात, त्यांना येतं ते सगळं लिहून टाकतात. अहो, सकाळीच दहापैकी नऊ मिळाले तर संध्याकाळी प्रगती कुठून दाखवायची? तीन-चार उत्तरं मुद्दाम चुकवा. पोस्ट-टेस्टला तेच दहा प्रश्न येतात आणि कागद वाटता वाटता सर स्वतः उत्तरं सांगतात. अहवालात आलेख झर्रकन वर जातो. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये. आपले आलेख एव्हाना ढगात पोचलेत.

कुणी म्हणेल, नुसत्या उपस्थितीने काय होतं? होतं हो, पॉइंट मिळतात! भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० पॉइंट जमवावे लागतात. त्यामुळे नोंदणी संपायच्या वर्षी माणसाची ज्ञानाची भूक अशी काही खवळते की विचारू नका. मार्चमध्ये एकाच आठवड्यात ऑटिझम, व्यसनमुक्ती आणि वृद्धांचा स्मृतिभ्रंश हे तिन्ही विषय पोटात जातात. ऑनलाइन असेल तर आणखी सोपं. कॅमेरा बंद, माइक बंद, कुकर चालू. शेवटी चॅटमध्ये ‘खूप माहितीपूर्ण सत्र’ टाकायला विसरू नका, हजेरी त्यावरून धरतात. समाजकार्यवाल्यांना मात्र या कटकटीतून मोकळीक. वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवणारी अशी परिषदच नव्हती. संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या २०२१ च्या कायद्याच्या यादीत त्यांचं नाव आलंय, नोंद सुरू होईपर्यंत त्यांनी निव्वळ ज्ञानासाठी शिकावं, म्हणजे टीए-डीएसाठी.

तुम्ही माझ्यासारखे माइकवाले असाल तर एक गुरुमंत्र: स्लाइड बदलायच्या नाहीत. एकदा बनवल्या की बनवल्या. माझ्या ओळखीच्या एका सरांच्या पेनड्राइव्हमध्ये अजून १९८७ चा कायदा लागू आहे आणि आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा आहे. मधल्या काळात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, मे २०१८ मध्ये लागूही झाला. त्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. जुलै २०२४ पासून तर भारतीय दंड संहिताच गेली आणि तिच्याबरोबर ३०९ही. पण सरांची फाइल उघडते ना? मग झालं. समोरची ताई गावात जाऊन सांगते, ‘बोलू नका कुठं, पोलीस केस होईल.’ आणि घरचे गप्प बसतात.

भाषेचंही तसंच, जड ठेवा. ‘अँहेडोनिया म्हणजे सुखानुभूतीचा अभाव,’ असं मी स्वतः गडचिरोलीपासून सोलापूरपर्यंत सांगत फिरलोय. एकदा मागून आवाज आला, ‘म्हंजे कशातच जीव लागत नाही, तसं का सर?’ मी म्हटलं, ‘हो, साधारण तसंच.’ आणि स्लाइड पुढे सरकवली.

आता पार्किंग लॉट. हा शोध ज्याने लावला त्याला माझा साष्टांग नमस्कार. भिंतीवर एक कोरा चार्ट सेलोटेपने चिकटवायचा, वर ठळक लिहायचं ‘पार्किंग लॉट’. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, किंवा येतं पण जेवायची वेळ झालीय, त्या प्रश्नाला म्हणायचं, ‘खूप छान प्रश्न! चिठ्ठीवर लिहून तिथे लावा, शेवटी घेऊ.’ विचारणारा खूश, सरही खूश. चार वाजेपर्यंत चार्ट पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरतो आणि फोटोत इतका सुरेख दिसतो की ‘सहभागात्मक पद्धत’ हे शब्द अहवालात आपोआप उमटतात.

मागे एकदा शेवटच्या रांगेत, पाण्याच्या जारजवळ एक आशाताई बसल्या होत्या. जिथे सेशन चालू असताना ग्लास भरायला लोक येत-जात राहतात ती जागा. त्यांच्या मांडीवर नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली होती, आम्हीच मागच्या प्रशिक्षणात वाटलेली. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज सत्तावीसपर्यंत. बेरीज कशी करायची हे आम्ही तासभर शिकवलं होतं, त्यात कुणी हात धरणार नाही. नववा प्रश्न असतो, आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का. ताईंनी हात वर केला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि जेवण लागल्याची खूण दारातून आली होती. मी म्हटलं, ‘ताई, खूप छान प्रश्न असणार. चिठ्ठीवर लिहा.’

दुपारी दोन ते तीन ताणतणाव व्यवस्थापन. हे सत्र जेवणानंतरच ठेवा, यश हमखास मिळतं. ‘डोळे मिटा, खांदे सैल सोडा, श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की पाच मिनिटांत अख्खा हॉल सैल सुटतो. एक-दोघे घोरतात, त्याला गहन विश्रांती म्हणा. मध्येच फोन थरथरतो, ‘लसीकरणाची माहिती आजच्या आज पाठवा, अन्यथा…’ तो बाहेर जाऊन घ्या. ज्याचा फोन आलाय त्याच साहेबांनी सकाळी समई पेटवली होती, हे मनात आणू नका, श्वास बिघडतो.

शेजारी गोव्यात काही मंडळींनी भलताच प्रकार केला, त्यांच्या नादी लागू नका. ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशक नेमले, तेही मानसशास्त्राची पदवी नसलेले, साधे स्थानिक लोक. त्यांना शिकवलं, इथपर्यंत ठीक. पण प्रमाणपत्र हातात देऊन घरी पाठवायचं सोडून त्यांनी काय करावं? सत्रं रेकॉर्ड करायची, दर आठवड्याला एकत्र बसून ती ऐकायची, एकमेकांच्या कामाला गुण द्यायचे, इथे तू घाईच केलीस, इथे तिला बोलू द्यायला हवं होतंस. २०१७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, रुग्णांना खरोखरच फरक पडला. असेल. पण यात बॅनर कुठे लावणार? आठ माणसं टेपरेकॉर्डर ऐकत बसलीत, त्याचा जिओ-टॅग फोटो काय कपाळ काढणार? शिवाय दर आठवड्याला म्हणजे वर्षातून ५२ वेळा चहा. ऑडिटला उत्तर कोण देणार?

साडेचारला आभार. शेवटच्या स्लाइडवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असतो. सेवा २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो. तो लिहून घ्यायला नव्वदपैकी कुणी वही उघडत नाही, कारण तोवर प्रमाणपत्रांचा गठ्ठा टेबलावर आलेला असतो. आपलं नाव नीट तपासून घ्या, माझ्या एका प्रमाणपत्रावर मी ‘कुमारी’ आहे.

हॉल सोडताना चार्ट काढायचं काम राहतं. सेलोटेप हळू ओढा, रंग निघाला तर हॉलवाला डिपॉझिटमधून कापतो. चिठ्ठ्या वाचत बसू नका, चार्ट तसाच गुंडाळा. मी त्या दिवशी गुंडाळायला घेतला तेव्हा एक चिठ्ठी सुटून माझ्या बुटावर पडली, म्हणून वाचली गेली.

‘९ नंबरला बाई हो म्हनली. मी तिच्याजवळ थांबू का निघू?’

सोबत त्या भेटीची तारीख होती, आदल्या आठवड्यातली. खाली ताईंनी स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला होता. दहाच्या दहा आकडे, एकेक सुटा, कुणालाही सहज वाचता येईल असा.