पॅसेंजरचा टाइम नीट करा, बाकी सगळं राहू द्या

नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा तिला 20 डबे होते. काही महिन्यांतच प्रवासी मिळेनात म्हणून ती 8 डब्यांवर आली. तिच्यावर माझा राग नाही. ज्याला लवकर पोचायचं तो पोचू दे ना बापा. ऑगस्ट 2025 पासून अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारतही नागपूर–सेवाग्रामच्या याच रुळांवरून जाते. सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वरूड ही स्टेशनं या गाड्यांच्या काचेतून दिसत असतील तर दिसत असतील. आम्हाला मात्र त्यांच्याकडे पाहत फलाटावर उभं राहावं लागते, कारण सगळ्या छोट्या स्टेशनांवर थांबणारी आमची पॅसेंजर मागे लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबवून ठेवलेली असते.

असं का होते हे बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. मुंबईहून हावड्याला जाणारा मार्ग आणि दिल्लीहून चेन्नईला जाणारा मार्ग, देशातले हे दोन मोठे मार्ग नागपूर ते सेवाग्राम या पट्ट्यात एकच होतात. सेवाग्रामहून एक फाटा वर्ध्याकडे वळतो, दुसरा बल्लारशाहकडे. म्हणजे दोन्हीकडच्या एक्स्प्रेस, वरून कोळशाच्या मालगाड्या, आणि त्या सगळ्यांच्या फटीतून आमची पॅसेंजर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली ती कापसासाठी. माणसं नंतर बसली. ते प्राधान्य अजून पुरतं बदललेलं दिसत नाही, एवढंच म्हणतो!

आम्ही अप-डाऊनवाले. घर गावात, काम नागपुरात किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत. ज्यांनी हे केलं नाही त्यांना वाटते की हा नुसता प्रवास आहे. पण जुन्या पॅसेंजरच्या त्या लाकडी बाकांवर अर्धा संसार चालायचा. बोरखेडीकडचे दूधवाले खिडकीच्या गजाला बाहेरून कॅन अडकवायचे, आणि गाडी हलली की ते कॅन डब्याच्या पत्र्यावर असे आदळायचे की झोपलेला माणूस शिव्या देत उठायचा. सेलूकडून केळीचे घड चढायचे. शिक्षकलोक पेपर तपासायचे, त्यातल्या एखाद्या पोराचं भन्नाट उत्तर सगळ्या डब्याला वाचून दाखवायचे. मांडीवर दुपट्टा ताणला की पत्त्यांचा अड्डा तयार. पेपर एकच विकत घ्यायचा, पण त्याची पानं चार बाकांवर फिरायची, आणि अजनी येईपर्यंत राजकारणाचा निकाल लागलेला असायचा. बायकांच्या डब्यात वालाच्या शेंगा सोलून व्हायच्या. संध्याकाळी घरी गेलं की सरळ फोडणी. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, सिंदीला उतरणाऱ्यांची गर्दी तर विचारूच नका, लेकरं खांद्यावर आणि लाकडी बैल डोक्यावर.

तिकिटाचंही सांगतो. 2009 मध्ये इज्जत पास आला होता. महिन्याला 1500 रुपयांपर्यंत कमाई असणाऱ्या, असंघटित कामावर जाणाऱ्या माणसाला 25 रुपयांत महिनाभराचा पास. आमच्याकडे मिस्त्रीकाम करणारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया त्यावर नागपूरला जायच्या. दाखल्यांची कटकट होती, पण ज्याच्या हातात तो पास आला त्याची मजुरी त्याच्याच खिशात राहिली.

मग मार्च 2020. सगळंच बंद झालं, त्यात पॅसेंजरही. बंद व्हायला कोणाची हरकत नव्हती, जीव वाचवायचा होता. खरी गोष्ट पुढची आहे. एक्स्प्रेस लवकर परतल्या, पॅसेंजर उशिरा आल्या, आणि आल्या त्या ‘स्पेशल’ होऊन. कमीत कमी तिकीट 10 रुपयांवरून 30 वर गेलं. गाडी तीच, बाक तेच, उशीरही तोच, फक्त पाटीवर स्पेशल! ते परत 10 रुपये व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. त्या मधल्या काळात ज्यांनी दुसरी सोय लावली ते सगळे परत आले नाहीत. आणि देशभर किती तरी छोट्या स्टेशनांचे थांबे जे गेले ते परतले नाहीत, कारण म्हणे उत्पन्न नाही. अहो, गाडीच थांबत नाही तर तिकीट काढून माणूस काय रुळाची पूजा करेल?

मेमू, म्हणजे विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी, चांगली आहे, हे मी मान्य करतो. तिला वेगळं इंजिन लागत नाही, मोटर गाडीतच असते, त्यामुळे ती थांबून लगेच वेग पकडते आणि उलट दिशेला निघायला इंजिन फिरवावं लागत नाही. छोट्या थांब्यांसाठीच ही गाडी बनली आहे. म्हणजे ‘थांबा दिला तर वेळ जाते’ हे कारण मेमूपुढे फारसं टिकत नाही.

2018 मध्ये ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला. नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड, भंडारा रोड, एसी डबे, जोरदार वेग. आमच्या चहाच्या टपरीवर त्या दिवशी गावातल्या जागेचे भाव वाढले होते. लेकरं शाळेतून कॉलेजात गेली, मेट्रो काही आली नाही. आली तर स्वागत आहे, पण तिचं तिकीट कितीचं असेल आणि ती तुळजापूरला थांबेल का, हे दोन प्रश्न तेव्हाही कोणी विचारले नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम सुरू आहे, त्यावर माझा खरा भरवसा आहे. पण रूळ वाढले की मोकळी झालेली वेळ कोणाला मिळणार, हे आत्ताच ठरवून घेतलं पाहिजे. नाहीतर तीही दोन-चार नव्या लांबच्या गाड्या खाऊन टाकतील.

परवा एक भाचा म्हणाला, “मामा, आता कोण बसते पॅसेंजरमध्ये? सगळ्यांकडे गाड्या आहेत.” मी म्हटलं, “तुह्यापाशी आहे. तुह्या आजीपाशी आहे काय?” समृद्धीवर दुचाकी चालत नाही. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण एसटी फाट्यावर सोडते. अजनीला उतरून मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात जाणारा पेशंट, सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणीला जाणारी बाई, बुटीबोरीत शिफ्ट धरणारा पोरगा, यांना वेग नको आहे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पोचवणारी एक आणि शिफ्ट सुटल्यावर घरी आणणारी एक, अशा दोन गाड्या टाइमावर पाहिजेत. नवं काहीच बांधावं लागत नाही त्यासाठी. येत्या ग्रामसभेत आम्ही एवढाच ठराव घेणार आहोत, वेळांसकट. सेलू, सिंदीकडच्या मंडळींनी आपापल्या गावातून तसाच घ्यावा, आणि वेळा आधी एकमेकांशी बोलून ठरवाव्यात. प्रत्येकाने वेगळी वेळ मागितली तर कोणालाच काही मिळणार नाही.