'एक विश्वासू' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: दरवर्षी तीच राख, मग नवं काय?

नमस्कार ब्रदर. नाव लिहिलं नाहीत, नुसतं 'एक विश्वासू' लिहिलंत, चालेल. आगमनकाळावरच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगतो, लवकर झोप लागली नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. आगमनकाळ, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ हे बायबलमध्ये नाही, सगळं पाश्चात्त्यांकडनं आलेलं आहे, लेख फार लांबलाय, आणि मुख्य म्हणजे "दरवर्षी तीच राख, तेच उपास, आणि ईस्टर झाला की माणूस परत होता तिथंच, याला नवी सुरुवात म्हणणं हे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत."

रिकामटेकडे कोण हो? आमच्या खानापूर भागात राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) कोण येतं ते एकदा येऊन बघा की. वीटभट्टीवर जायच्या आधी डबा हातात घेऊनच रांगेत उभी राहिलेली बाई असते, नाईट ड्युटी करून घरी न जाता थेट आलेला कंडक्टर असतो, त्याचे डोळे लाल झालेले असतात. फादर अंगठ्यानं कपाळावर राख लावतात, ती खरखरीत लागते, कारण आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आम्ही जी पानं घरी नेऊन फोटोमागं खोचून ठेवलेली असतात तीच परत आणून घमेल्यात जाळून केलेली राख असते ती, आणि वर्षभर आपल्याच भिंतीवर होतं ते कपाळावर घेऊन ही माणसं कामाला जातात. यांना तुम्ही रिकामटेकडे म्हणता. आणि शेवटी लिहिता "प्रेमाने सांगतोय". असलं प्रेम असतं होय?

बायबलचं म्हणाल तर कबूल, आगमनकाळ पाळा असं बायबलमध्ये कुठं लिहिलेलं नाही, तिथं तुमचं बरोबर आहे. पाश्चात्त्यांचं मात्र सोडा, २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ईस्टर ठरतो, पौर्णिमा बघून सण ठरवणं आपल्याकडं कुणाला परकं आहे? लेख लांबला असेल, तर वाचू नका.

आता ते "दरवर्षी तेच". पहिलं म्हणजे तेच नसतं. आमच्या मिस्सामधली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेरीनं येतात, येशूच्या चरित्राच्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान जास्त करून ईस्टरच्या काळात. ३० नोव्हेंबर २०२५ ला आगमनकाळ लागला तेव्हा मत्तयचं वर्ष सुरू झालं. म्हणजे गेल्या वर्षी ऐकलेलं यंदा नाहीच. पण हे तुम्हाला पुस्तकी वाटणार, म्हणून दुसरं सांगतो, जे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

मी प्यायचो. थोडीथोडकी नाही, घरात भांडी फुटायची इतकी. उपवासकाळात सोडायचो, क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला प्रत्येक शुक्रवारी जायचो, सगळे म्हणायचे बघा सुधारला, आणि ईस्टरच्या दिवशी जेवणाच्या आधीच बाटली उघडायचो. अगदी तुम्ही म्हणता तसं, परत होता तिथंच. असे कितीतरी ईस्टर गेले. मी स्वतःच एका फादरना तुमचाच प्रश्न विचारलेला, की दरवर्षी हेच होतंय तर राख लावून घेऊन उपयोग काय. ते म्हणाले, अरे तू ४० दिवसच मोजतोस, पुढचे ५० कोण मोजणार?

हे मला तोवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. उपवासकाळाचे ४० दिवस सगळ्यांना माहीत, रविवार धरले तर ४६ होतात. पण ईस्टरचा काळ एका दिवसात संपत नाही, तो पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत ५० दिवस चालतो, म्हणजे चर्चनं दुःखापेक्षा आनंदाला जास्त दिवस दिलेत. मला सोडायला जमत होतं, आनंदात कसं राहायचं ते येत नव्हतं. त्या वर्षी ते ५० दिवस संध्याकाळी फादरांनी मला चर्चच्या बागेला पाणी घालायला लावलं, ज्या वेळी मी बाटली घेऊन बसायचो नेमकी तीच वेळ. मी काय एकदम संत झालो नाही. पण त्या वर्षी पेंटेकॉस्टला मी शुद्धीत होतो, आणि तेव्हापासून आहे.

आता सांगा, राख एकदाच लावायची असती तर? पहिल्या वर्षी घसरलो तेव्हाच संपलं असतं माझं. दरवर्षी तोच दिवस परत येतो म्हणून मला परत रांगेत उभं राहता आलं, मागच्या वर्षी काय झालं हे फादरांनी कधी रांगेत विचारलं नाही. तुम्ही ज्याला दोष म्हणताय त्याच्यावरच मी जगलोय ब्रदर. यंदा, २०२६ ला, १८ फेब्रुवारीला राख, ५ एप्रिलला ईस्टर, २४ मेला पेंटेकॉस्ट. ईस्टर झाला की संपलं असं धरून तुम्ही लिहिलंत, ते २४ मेपर्यंत मोजून बघा आणि मग लिहा.

तुमच्यात राख लावत नसतील तर नका लावू, माझा आग्रह नाही. बायको म्हणाली उत्तर देऊ नका, उगाच वाद वाढतो. पण माझे ते सगळे ईस्टर तिनं सोसलेत, आणि तीही दरवर्षी त्याच रांगेत असते. मुद्द्यावर लिहा, दहा वेळा उत्तर देईन, तो 'रिकामटेकडे' शब्द मात्र आधी मागं घ्या.