बिल्ला इटलीचा, गाडी चीनची आणि फॉरवर्ड अर्धवट

सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला, तेव्हा म्हटलं आता उत्तर लिहूनच टाकावं. मेसेज थोडक्यात असा: ‘इटलीच्या डीआर कंपनीने जगाला उल्लू बनवलं. चिनी गाड्यांना स्वतःचा लोगो चिकटवून इटालियन म्हणून विकल्या. ही कंपनी तर सुपरमार्केटात गाड्या विकायची! लोगो बदलणं हा तिकडे गुन्हा आहे, म्हणून इटलीने गाड्यांवर बंदी घातली आणि ६० लाख युरो दंड ठोकला. इटालियन लोगोमुळे चिनी गाड्यांवरचा जबर करही यांनी बुडवला. आपल्याकडे असलं खपत नाही.’ शेवटी हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

गंमत म्हणजे यातलं सगळ्यात अशक्य वाटणारं वाक्य खरं आहे. सुपरमार्केटचं. मास्सिमो दि रिझिओ या एकेकाळच्या रेसिंग ड्रायव्हरने आणि गाड्यांच्या विक्रेत्याने ही कंपनी माक्किया दिझेर्निया या गावात उभी केली. २००७ मध्ये डीआर ५ ही गाडी खरोखरच इपर नावाच्या हायपरमार्केटांतून विकायला काढली. भाजीपाला, डिटर्जंट आणि पलीकडे एसयूव्ही. ती गाडी मुळात चीनच्या चेरी कंपनीची टिगो. गाव मोलिझे प्रांतातलं. ‘मोलिझे अस्तित्वातच नाही’ हा इटलीतला जुना विनोद आहे, इतका तो प्रांत लहान आणि आडबाजूला. अशा ठिकाणी बसून एका माणसाने स्वस्त एसयूव्हीचा धंदा जमवला आणि २०२३ मध्ये वर्षाला तीस हजारांहून जास्त गाड्या विकण्यापर्यंत नेला, हे निदान कौतुकाने सांगायला हरकत नाही.

दंडही खरा. इटलीच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये डीआर आणि तिच्या सुट्या भागांच्या उपकंपनीला मिळून ६० लाख युरोंचा दंड केला. पण तो कशासाठी, तिथे मेसेज घसरतो.

‘लोगो बदलणं हा गुन्हा आहे’

हा गुन्हा असता तर पहिली फियाटच आत गेली असती. २००६ च्या सुमारास फियाटने ‘सेदिची’ नावाची छोटी एसयूव्ही आणली. सेदिची म्हणजे सोळा, चार गुणिले चार, म्हणजे फोर-बाय-फोर. नाव अस्सल इटालियन आणि गाडी सुझुकीची, हंगेरीतल्या एस्तरगोमच्या सुझुकी कारखान्यात सुझुकीच्याच एसएक्स४ या जुळ्या भावाबरोबर तयार होणारी. त्याच एसएक्स४ ची सेडान आपल्याकडे मारुतीने विकली. पार्किंगमध्ये अजून एखादी दिसते. पुढे फियाट फ्रीमाँट आली, ती मेक्सिकोत बनणारी डॉज जर्नी. फियाट फुलबॅक हा पिकअप म्हणजे थायलंडमधली मित्सुबिशी. इटलीच्याच लान्चिया या ब्रँडची शेवटची थेमा ही कॅनडात बनलेली क्रायस्लर. इतकं सगळं होऊनही दंड कुणाला झाला नाही, कारण गाडी कुठून येते हे कुणी दडवत नव्हतं.

आणि यातली सगळ्यात मजेशीर आर्ना. १९८३ मध्ये अल्फा रोमिओ आणि निसान यांनी मिळून काढली. निसानचा सांगाडा जपानहून यायचा आणि नेपल्सच्या मागच्या डोंगराळ भागात प्रातोला सेर्रा इथे त्यात अल्फाचं इंजिन बसायचं. जपान्यांकडून यंत्र आणि इटालियनांकडून रूप घ्यायचं, एवढं साधं गणित होतं; यांनी नेमकं उलटं केलं. दिसायला निसान, बिघडायला अल्फा. १९८७ पर्यंत गाशा गुंडाळला. फसली ती गाडी म्हणून. फसवणूक म्हणून नाही.

आपल्याकडची ग्लान्झा ही बलेनो आहे हे शोरूममधला पोरगाही लपवत नाही. गिऱ्हाईक उलट तेच ऐकून खूश होतं: इंजिन मारुतीचं, सर्व्हिस टोयोटाची.

मग दंड कशाचा?

प्राधिकरणाचं म्हणणं असं होतं की किमान डिसेंबर २०२१ पासून कंपनीच्या जाहिरातींतून डीआर आणि इव्हो या ब्रँडच्या गाड्या इटलीत तयार होतात असा समज करून दिला गेला. प्रत्यक्षात गाड्या चीनमध्ये तयार होत होत्या आणि इटलीत फक्त किरकोळ शेवटचं काम व्हायचं. कंपनीने ते मान्य केलं नाही. गाड्या पूर्णपणे इटलीत बनतात असं आपण कधी म्हटलंच नाही, असा तिचा बचाव आणि अपिलात जायची तयारी. बचावाची भाषा नीट वाचा: ‘पूर्णपणे’ या शब्दावर सगळा भार आहे.

या मुद्द्यावर मी डीआरची वकिली करणार नाही. इव्हो ३ ही चीनच्या जॅक कंपनीची एस२, इव्हो ४ ही एस३. त्याच घरातल्या आयसीकेएक्स या ब्रँडची के२ म्हणजे बीजिंगच्या बीएआयसी या मोटार कंपनीची बीजे४०. वेल्डिंग झालेली, रंगवलेली, इंजिन-गिअरबॉक्स बसवलेली गाडी बोटीतून उतरल्यावर पुढची जाळी, बिल्ला, काही मॉडेलांना एलपीजीची सोय, तपासणी, एवढ्याने ती इटलीची होत नाही. युरोपच्या सीमाशुल्क कायद्यात वस्तूचं मूळ ठरतं ते तिच्यावर शेवटचं भरीव काम जिथे झालं त्या देशावरून. पैठणीला पुण्यात पिको-फॉल केला म्हणून ती पुण्याची होत नाही, तसंच. कंपनीला स्वतःचा कारखाना नकोच होता असं मात्र नाही. फियाटने २०११ च्या शेवटी सिसिलीतला तेर्मिनी इमेरेझेचा कारखाना बंद केला, तेव्हा तो घ्यायला डीआर पुढे आली होती. पैसा उभा राहिला नाही आणि ते बारगळलं.

‘चीनवर राग म्हणून छोट्या कंपनीला धरलं’ असंही खाली कुणीतरी लिहिलंय. त्याच वर्षीच्या दोन गोष्टी पाहा. एप्रिल २०२४ मध्ये अल्फा रोमिओने नव्या गाडीचं नाव ‘मिलानो’ जाहीर केलं. गाडी बनणार पोलंडमध्ये. उद्योगमंत्री आदोल्फो उर्सो यांनी २००३ च्या कायद्यावर बोट ठेवलं: परदेशी वस्तूला इटालियन वाटायला लावणारी नावं-चिन्हं चालणार नाहीत. आठवड्याच्या आत नाव बदलून ‘ज्युनिअर’. मे महिन्यात लिव्होर्नो बंदरात मोरोक्कोहून आलेल्या शंभरावर फियाट टोपोलिनो जप्त झाल्या. कारण काय, तर दारावर हिरवा-पांढरा-लाल असा छोटासा स्टिकर. तळहाताएवढा असेल नसेल. तो काढायची तयारी कंपनीला दाखवावी लागली. दोन्ही ब्रँड स्टेलान्टिसचे, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या घरातले. त्यांनाही सोडलं नाही.

‘गाड्यांवर बंदी घातली’

नाही. दंड झाला. बंदी झाली नाही. विक्री चालू राहिली.

‘लोगोमुळे कर बुडवला’

हे सगळ्यात पटकन पटतं आणि सगळ्यात पोकळ आहे. पहिलं म्हणजे तारखा. चीनमधून येणाऱ्या बॅटरी-इलेक्ट्रिक गाड्यांवरचा युरोपियन युनियनचा कायमस्वरूपी जादा कर लागला ३० ऑक्टोबर २०२४ पासून. डीआरचा दंड त्याआधी चार महिने झालेला. दुसरं, तो कर फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना आहे आणि डीआरचा मुख्य धंदा पेट्रोल आणि पेट्रोल-एलपीजीचा. इटलीत एलपीजीवर गाडी चालवणं अगदी सर्रास आहे, तिथेच या कंपनीचं गिऱ्हाईक. अशा गाडीला नेहमीचा १० टक्के आयातकर, चेरीच्या बिल्ल्याने आणली काय नि डीआरच्या बिल्ल्याने काय.

तिसरं जास्त महत्त्वाचं. कस्टम्सवाला बिल्ला बघतच नाही. एमजी हा बिल्ला किती ब्रिटिश! पण मालक शांघायची सायक, म्हणून चीनमध्ये बनलेल्या इलेक्ट्रिक एमजीला नेहमीच्या १० टक्क्यांवर आणखी ३५.३ टक्के, म्हणजे सगळ्यात वरचा दर. अमेरिकन टेस्ला शांघायहून आली तर तिलाही जादा ७.८ टक्के. चीनमध्ये बनणारी इलेक्ट्रिक मिनीही सुटलेली नाही. बिल्ल्याने कर वाचत असता तर या तिघी पहिल्या सुटल्या असत्या.

जे मेसेजमध्ये नाहीच

दंडाच्या आदेशात दुसरा भाग होता आणि तो कुणी पुढे पाठवत नाही, कारण त्यात चीनही नाही आणि मसालाही नाही. २०२२ पासून कंपनीने सुटे भाग पुरेसे दिले नाहीत, गिऱ्हाइकांना आणि डीलरांनाही विक्रीनंतरची मदत नीट मिळाली नाही, असा तो ठपका. मला विचाराल तर ६० लाखांतला खरा दुखरा भाग हाच.

आमच्या एका मामांची गाडी मागे कुणीतरी रिव्हर्स घेताना ठोकली. कंपनीचं नाव सांगत नाही; ती चिनीही नव्हती आणि इटालियनही. फुटला फक्त डावा टेललॅम्प. गॅरेजवाला रोज सांगायचा, ‘पार्ट वरून येतोय.’ वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नव्हतं. तोपर्यंत त्याने फुटक्या दिव्यावर लाल पारदर्शक टेप आडवी-उभी लावून दिली. पाऊस झाला की आत पाणी साचायचं आणि ब्रेक दाबला की मागच्याला मत्स्यालय दिसायचं. अकरा आठवडे ते मत्स्यालय गावभर फिरलं. तेवढ्या दिवसांत ही गाडी कुठल्या देशाची, असं मामांनी एकदाही विचारलं नाही.

बिल्ला बदलून विकणाऱ्या कंपनीत हा धोका जास्त असतो, हे मात्र खरं. मूळ कारखाना दुसऱ्याचा. त्याने एखादं मॉडेल बंद केलं किंवा बंपरचा साचा बदलला की इथल्या विक्रेत्याचं गोदाम कोरडं. गाड्यांचा खप वर्षात दणक्यात वाढला आणि पार्टची साठवण तेवढी वाढली नाही, तर पहिल्या ठोकरीपर्यंत कुणाला कळतही नाही. अशी गाडी घेताना इंजिन कुठलं हे विचाराच, पण विंडशील्ड, हेडलाइट आणि क्लचप्लेट गावात की निदान देशात पडून आहेत का, हे आधी विचारा.

‘आपल्याकडे असलं खपत नाही’

हे लिहिणारा बहुधा हेक्टरमधून जात असेल. २०१९ मध्ये आलेली एमजी हेक्टर मुळात चीनची बाओजुन ५३०. जाहिरातीत ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅच, बोलण्यात १९२४ पासूनचा वारसा. फरक एवढाच की ही गाडी गुजरातमध्ये हालोलच्या कारखान्यात खरोखर बनते आणि कंपनी तेव्हा सायकची होती हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं.

पण इतकं लांब जायला नको, चिंचवडपर्यंत चला. २००९ च्या शेवटी प्रीमियर कंपनीने ‘रिओ’ नावाची चार मीटरच्या आतली एसयूव्ही काढली, मागच्या दारावर स्टेपनी लटकलेली. चीनच्या झोत्ये कंपनीची गाडी, सुटे भाग तिकडून आणून इथे जोडायची. तिचा मूळ आराखडा जपानी दाइहात्सु तेरिओसचा. डिझेल इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं आणि काही वर्षांनी त्या जागी फियाटचं १.३ मल्टिजेट. जपानी हाडं, चिनी कातडी, आधी फ्रेंच आणि मग इटालियन काळीज, बोल्ट आवळणारे हात पिंपरी-चिंचवडचे. ही रिओ कुठल्या देशाची?

प्रीमियर म्हणजे तीच, कुर्ल्याला फियाट ११०० बनवणारी. पुढे गाडीवरून फियाटचा बिल्ला गेला, पद्मिनी हे नाव आलं. मुंबईने त्याची दखलच घेतली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी रस्त्यावरून उतरेपर्यंत टॅक्सीवाले तिला ‘फियाट’च म्हणत होते. आणि चिंचवडला झोत्येचे खोके उघडत होते त्याच सुमारास झोत्ये तिकडे चीनमध्ये फियाटची मल्टिप्ला बनवत होती, स्वतःचा बिल्ला लावून. गाडी इटलीची, बिल्ला चीनचा. ग्रुपवर याचाही मेसेज कुणीतरी करा.