मामाचं गाव चालवायची मामी

दर एप्रिलमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांचा वाद पेटतो. "आम्ही मामाच्या गावाला आंबे खाल्ले, आमचं काय बिघडलं?" हा एक पक्ष. अबॅकस आणि रोबोटिक्सची पत्रकं पाठवणारा दुसरा. न्यू जर्सीत बसून वाचताना वाटतं, दोन्हीकडचे मुद्द्याला बगल देताहेत.

इथे शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटते, ती थेट सप्टेंबरात उघडते. आईबाप दोघं कामावर, आजी सातासमुद्रापलीकडे. त्यामुळे डे कॅम्प म्हणजे हौस नाही, सरळसरळ पाळणाघर. पोहायला तलाव असलेलं, एवढंच. सरकारी हिशेबही तोच: तेरा वर्षांखालच्या मुलाच्या डे कॅम्पची फी करसवलतीत बसते, रात्री मुक्कामाच्या कॅम्पची नाही. सवलत आईबापांना नोकरी करता यावी म्हणून आहे. पोराला तिरंदाजी येते की नाही, याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

मामाचं गावही पाळणाघरच होतं की! ते चालवायची मामी. दहा पोरांच्या पोळ्या, धुणी, भांडणं, सगळं तिच्या गळ्यात, आणि नाव मात्र मामाचं. आता मामा वाकडला वन बीएचकेत राहतो आणि मामी सकाळी आठला ऑफिसची बस पकडते. तिला रोज दोन तासांच्या छंदवर्गाचा काय उपयोग? मे महिन्यात कुलूपबंद असलेल्या पालिकेच्या शाळांत दिवसभर मुलं सांभाळायची सोय झाली, तर तिला उपयोग. पण मग जबाबदार कोण, हेही ठरायला हवं. न्यू जर्सीत कॅम्प चालवायला राज्याच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र लागतं.

इथल्या कॅम्पमधलं मला मनापासून आवडलेलं म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना दिलेलं काम. लहानग्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या, तलावातून बाहेर आल्यावर डोकी मोजायची. आपल्याकडे त्या वयाची मुलं सुट्टीतही दहावीच्या क्लासला. (काही कॅम्प या उमेदवारीचीही फी घेतात. राबवून वर पैसे घ्यायचे, हे अमेरिकेलाच सुचावं.)

पैशांचा प्रश्न मात्र इथेही सुटलेला नाही. मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी एका खात्यात करमुक्त पैसे बाजूला ठेवायची मर्यादा 2026पासून 7,500 डॉलर झाली, पण ते खातं मालकाने दिलं तरच मिळतं. तासावर काम करणाऱ्या बाईचा मालक सहसा ते देत नाही. मग तिची थोरली मुलगी जुलैभर धाकट्याला सांभाळते, बिनपगारी मामीसारखी.