व्हिशिवांका रोजची नव्हती

कॅनडातल्या युक्रेनी वसाहतकारांची जुनी कौटुंबिक छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, आणि त्यांच्याखाली बहुधा एकाच धर्तीचा मजकूर असतो : हे लोक रोज भरतकामाचे कपडे घालत, हालअपेष्टांमुळे त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसे आणि गावाकडची संस्कृती त्यांनी शंभर वर्षे जशीच्या तशी जपली.

पहिला मुद्दा कपड्यांचा. व्हिशिवांका, म्हणजे भरतकाम केलेला सदरा, सणावाराला, चर्चला जाताना आणि अर्थातच छायाचित्रासाठी बसताना घालायचा; नांगरटीला तो कोण घालील? शिवाय अशी छायाचित्रे मागे राहिलेल्या नातलगांना पाठवली जात, त्यामुळे 'आमचे बरे चालले आहे' हे त्यांतून दिसणे आवश्यक होते. म्हणूनच बायकोच्या भरतकामाच्या बाह्यांशेजारी नवऱ्याचा दुकानातून घेतलेला कोट आणि घड्याळाची साखळीही दिसते. बाह्या पुरावा मानायच्या, तर साखळीही मानावी लागेल.

हसू नसण्याबद्दल फार लिहायला नको. त्या काळातल्या सुखवस्तू इंग्रज कुटुंबांची छायाचित्रेही तितकीच गंभीर आहेत.

'जशीच्या तशी' हा दावा मात्र सर्वांत कच्चा आहे. १८९१पासून १९१४पर्यंत सुमारे १,७०,००० लोक आले, ते प्रामुख्याने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यातील गॅलिशिया आणि बुकोविना या प्रांतांतून. त्यामुळे सरकारी कागदांवर ते बहुधा 'गॅलिशियन', 'रुथेनियन' किंवा 'ऑस्ट्रियन' होते. पहिल्या महायुद्धात हीच नोंद त्यांना भोवली : शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरवून कॅनडाने स्थानबद्ध केलेल्या ८,५७९ जणांत बहुसंख्य युक्रेनी होते. 'आम्ही युक्रेनी' ही ओळख अनेकांच्या बाबतीत नव्या देशातच पक्की होत गेली, तेव्हा ती जशीच्या तशी आणली होती असे म्हणता येत नाही.

जपणूक झालीच नाही, असे माझे म्हणणे नाही. अल्बर्टाच्या गवताळ माळावरचे चर्चचे घुमट पाहिले की ती दिसतेच. पण त्याच अल्बर्टातील व्हेग्रव्हिल गावी १९७५मध्ये उभारलेली पिसांका पाहावी. पिसांका म्हणजे मेणाने नक्षी राखून रंगवलेले ईस्टरचे अंडे. व्हेग्रव्हिलचे अंडे मात्र सुमारे ८ मीटर लांब, अ‍ॅल्युमिनियमचे आणि वाऱ्याबरोबर फिरणारे आहे, आणि त्याची भूमिती संगणकाच्या साहाय्याने बसवलेली आहे. त्याच्यासमोर काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रांत व्हिशिवांका दिसते, तशी जीन्सही दिसते.