कालवं, गाडे आणि कृष्णेचं पाणी

सांगलीत गाडे उचलायची मोहीम निघाली की आमच्या शाळेच्या ग्रुपवर लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, विश्रामबागेत चालायला फुटपाथ उरला नाही, वर त्या गाड्यांवरचं खाऊन पोटं बिघडतात, उचला सगळे. दुसरी म्हणते, हातावर पोट असणाऱ्यांना आधी कशाला हात लावता, पार्किंग गिळून बसलेल्या इमारती दिसत नाहीत का? मग कुणीतरी परदेशातल्या चकाचक रस्त्याचा फोटो टाकतं आणि विचारणा माझ्याकडे येते : तुमच्या तैवानात चालतं का रे असलं?

चालतं की. मी राहतो त्या ताइनानमध्ये रात्रीचे मोठे बाजार आपल्या आठवडी बाजारासारखे वार ठरवून भरतात. एरवी मोकळं पडलेलं पटांगण संध्याकाळी गाड्यांनी गच्च भरतं आणि मध्यरात्रीनंतर रिकामं होतं. तिथं कालवांच्या, म्हणजे शिंपल्यातल्या ऑयस्टरच्या, ऑम्लेटच्या गाड्यापुढे हमखास रांग असते. आपण घाटावरची माणसं, आपली मजल सुकटीपर्यंत. कालवांची तारीफ करायची ती रत्नागिरीच्या पाहुण्यांनी.

हे ऑम्लेट बघण्यासारखं असतं. परातीएवढा सपाट तवा, त्यावर तेल, तेलात अंगठ्याच्या पेराएवढी सात-आठ कालवं. ती आकसायला लागली की रताळ्याच्या स्टार्चचं पातळ पाणी डावभर ओतायचं. ते कडेनं पारदर्शक होत आलं की वर अंडं फोडायचं, मूठभर पालेभाजी टाकायची आणि सगळं एका झटक्यात उलटायचं. वर लालसर गोडूस सॉस. पहिल्या घासाला चिकट लागतं. सांगलीच्या भडंगावर वाढलेल्या जिभेला ते पचनी पडायला वेळ लागतो, पण नंतर सवय सुटत नाही.

आता गंमत अशी, की रस्त्यावर विकायला कालवाइतका नाजूक जिन्नस दुसरा शोधूनही सापडायचा नाही. कालव पाणी गाळून त्यातलं खाद्य खातं. काही जातींचं मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतं. पाण्यात जंतू असले तर ते त्याच्यात, धातू असला तर तोही. गाडेवाल्यानं हात कितीही स्वच्छ धुतले तरी त्याला इलाज नाही.

ताइनानच्या दक्षिणेला एरजेन नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या काठावर भंगारातून, जुन्या सर्किट बोर्डांतून आम्ल वापरून तांबं काढायचे धंदे चालत आणि उरलेलं पाणी नदीत जाई. 1986 मध्ये मुखाजवळच्या किनाऱ्यावरची कालवं चक्क हिरवी निघाली. तांब्यानं. लोकांनी कालवांचा धसकाच घेतला, आणि ज्यांचा त्या भंगाराशी काडीचा संबंध नव्हता त्या कालववाल्यांचा धंदा बसला. पुढेही इथं सगळं आलबेल नव्हतं. 2014 मध्ये टाकाऊ तेल शुद्ध तेलात मिसळून विकल्याचं प्रकरण गाजलं, आणि ते तेल चांगल्या नावाजलेल्या पदार्थांपर्यंत पोचलं होतं. परवाना नसलेले फेरीवाले पोलिस दिसले की इथंही गाडा ढकलत पळतात. त्यामुळे तो चकाचक फोटो ग्रुपवरून काढून टाका.

मी ज्याच्याकडे खातो त्या गाड्याला मात्र दोन गोष्टी आहेत : तोटी उघडली की पाणी, आणि ते वाहून जायला जाळीखाली गटार. जागेचं भाडं तो भरतो आणि उद्या आपल्याला कुणी उठवेल या धास्तीत नसतो. आपल्याकडचा अंडाभुर्जीवाला एका बादलीत संध्याकाळभर ताटल्या बुचकळतो. नऊ वाजता त्या पाण्याचा रंग कुणीही जाऊन बघावा. तो घाणेरडा माणूस आहे म्हणून असं होत नाही. पाणी त्याला घरून कॅनमधून आणावं लागतं आणि महापालिकेची गाडी आली की सगळं उचलून पळावं लागतं. पळणाऱ्या माणसानं नळ कुठे बसवायचा?

यासाठी आपल्याकडे पथविक्रेत्यांचा कायदाही आहे, तोही 2014 चाच. सर्वेक्षण झाल्याशिवाय फेरीवाल्याला हटवायचं नाही, नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचे हवेत, विक्रीच्या जागा आखून द्यायच्या, असं त्यात लिहिलंय. ग्रुपवरच्या दोन्ही फळ्यांनी तो वाचलेला दिसत नाही. माझा कल दुसऱ्या फळीकडे आहे, हे उघडच आहे. पण गाडेवाल्यांची कड घेणारे पाण्याचं नाव काढत नाहीत, हे मला खटकतं. गरिबाचा गाडा वाचला पाहिजे हे खरं, पण त्यावर खाणाराही बहुतेक वेळा गरीबच असतो.

एक मित्र परवा म्हणाला, ‘‘लेका, तैवानात बसून सांगलीच्या गाड्यांवर बोलायला तुझं काय जातंय?’’ काही जात नाही, कबूल. तरी विचारतो. उद्या विश्रामबागेत जागा आखल्या, नळ दिले, गटार बांधलं, तर ते गटार सोडणार कुठे? सांगलीतल्या शेरीनाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं कृष्णेत जातंय, नदीत मासे मरून तरंगले की चार दिवस बातम्या येतात आणि विरतात. आपल्याकडे कालवं नाहीत, त्यामुळे हिरवं होऊन दाखवणारंही कुणी नाही. गाड्यांचं पाणी त्याच नाल्याला जोडलं, तर विश्रामबागेतल्या ताटल्या स्वच्छ होतील आणि तो खरकाटा राडा खालच्या अंगाच्या गावांच्या पिण्यात जाईल. याचं उत्तर ग्रुपवर दोन्हीपैकी एकाही फळीनं अजून दिलेलं नाही.